परवाना नेमका कोणासाठी?

निकाल लागले की ओळखीतले आईवडील मुलीला घेऊन माझ्याकडे येतात. मुलीला समाजकार्यात एमएसडब्ल्यू करायचं असतं आणि वडिलांचा प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, नर्सिंग केलं की कौन्सिलचा नंबर मिळतो. वकिलीला सनद मिळते. फार्मसीवाल्याला रजिस्ट्रेशन मिळतं, ते तो दुकानात टांगतो. तुमच्यात काय मिळतं?"

त्यांचा रोख नोकरीकडे असतो आणि तो रास्तच आहे. मी सांगते, पदवी मिळते, नंबर मिळत नाही. वडिलांचा चेहरा पडतो. मुलगी मात्र हट्टाला पेटलेली असते, कारण गावात आलेल्या एखाद्या संस्थेच्या ताईला तिने काम करताना पाहिलेलं असतं.

मी एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून नोकरी केली. निवृत्तीनंतर आता समाजकार्य महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांचं फिल्डवर्क बघते. "मी समाजसेवा करते" असं कुणाला सांगितलं की पुढचा प्रश्न यायचा, "कुठल्या पक्षाकडून?" ह्यावर मी रागावणं केव्हाच सोडून दिलं. फ्लेक्सवर नाव छापायला कुणाची परवानगी लागत नाही आणि माझ्या खुर्चीत बसणाऱ्या बाईला कुणी दिलेला परवाना नसतो, ह्या दोन्ही गोष्टी खऱ्याच आहेत.

आपल्याकडचा रस्ता तसा सरळ आहे. बारावीनंतर बीएसडब्ल्यू, किंवा कुठलीही पदवी घेऊन दोन वर्षांचं एमएसडब्ल्यू. वर्गातल्या तासांइतकंच महत्त्व फिल्डवर्कला. साधारणपणे आठवड्यातले दोन दिवस वस्तीत, रुग्णालयात, बालगृहात, कोर्टात काढायचे, त्याचा अहवाल लिहायचा आणि सुपरवायझरसमोर बसायचं. त्या बैठकीला आम्ही आयसी म्हणतो. हे शिक्षण देशात सुरू झालं तेच मुंबईत. क्लिफर्ड मॅनशार्ट नावाचा एक अमेरिकन मिशनरी नागपाड्यात नेबरहुड हाउस चालवत होता. १९३६ मध्ये टाटा ट्रस्टच्या पैशावर तिथे सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क उघडलं आणि तो त्याचा पहिला संचालक झाला. देवनारची आजची टाटा इन्स्टिट्यूट ती हीच. रुग्णालयातला पहिला वैद्यकीय समाजसेवकही मुंबईतलाच, १९४६ साली जे. जे. रुग्णालयात नेमलेला. पुढे १९५५ मध्ये निर्मला निकेतन आलं, १९६३ मध्ये पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था आली, नागपूरलाही महाविद्यालयं निघाली. म्हणजे ह्या व्यवसायाची देशातली सगळ्यात जुनी मुळं महाराष्ट्रात आहेत. तरीही ह्यात कोण आहे, कोण नाही, ह्याची वही कुणी उघडली नाही.

माझी भाची कॅलिफोर्नियात हेच काम करते. तिच्याकडून कळलं की तिकडे पदवी म्हणजे फक्त दाराशी पोचणं. एमएसडब्ल्यू तिथल्या समाजकार्य शिक्षण परिषदेने मान्य केलेलं हवं. इथून शिकून गेलेल्याला आपली पदवी तिच्या तोडीची असल्याचं त्या परिषदेकडून ठरवून घ्यावं लागतं. मग राज्याच्या बोर्डाकडे 'असोसिएट' म्हणून नाव नोंदवायचं, बोटांचे ठसे द्यायचे, आणि ३,००० तास कुणाच्या तरी देखरेखीखाली काम करायचं. हे तास घाईने भरता येत नाहीत, किमान १०४ आठवडे लागलेच पाहिजेत. काम चालू असेल त्या आठवड्यात सुपरवायझरबरोबर एक तास समोरासमोर, किंवा गटात असेल तर दोन तास. मध्ये कायदा आणि नीतिमत्तेची एक परीक्षा, शेवटी क्लिनिकल परीक्षा. एवढं झालं की नावापुढे एलसीएसडब्ल्यू, म्हणजे परवानाधारक क्लिनिकल सोशल वर्कर, असं लागतं. दर दोन वर्षांनी नूतनीकरण, आणि त्यासाठी ३६ तासांचं शिक्षण पुन्हा.

तिचे हे तास चालू होते तेव्हा फोनवर तिची एकच रड असायची. मावशी, तास मोजून मोजून जीव गेला. सुपरवायझरने एका घरभेटीच्या नोंदीवरून अर्धा तास उलटतपासणी केली. मला तिची दया यायला हवी होती. मला वाटला हेवा.

हेवा का वाटला ते सांगायला एका अहवालाकडे जावं लागेल. माझ्याकडे फिल्डवर्कला आलेली एक विद्यार्थिनी होती, जवळच्याच तालुक्यातली, घरातली पहिलीच पदवीधर. तिला मेडिसिनच्या पुरुष वॉर्डातला एक रुग्ण दिला होता. ऊसतोडीला जाणारा, दोन्ही मूत्रपिंडं खराब, डायलिसिस सुरू. मदतीसाठी कागदपत्रं जमवायची होती. रेशनकार्ड गावाकडे, आधार मुकादमाकडे, उत्पन्नाचा दाखला काढलेलाच नव्हता. बायको सोबतीला. मुलीने अहवाल मन लावून लिहिला होता, अक्षर सुरेख. त्यातलं एक वाक्य असं होतं: 'पत्नी निष्काळजी असून दुपारच्या वेळी रुग्णाला सोडून निघून जाते.'

आयसीला मी विचारलं, "हे तू पाहिलंस?"

"सिस्टर म्हणाल्या, मॅडम. मामा पण म्हणाले. रोजचंच आहे म्हणे."

"ती कुठे जाते?"

मुलगी गप्प. विचारलं नव्हतं.

"मग 'जाते' एवढंच लिही. 'निष्काळजी' हा शब्द कुणाचा?"

पुढच्या खेपेला ती विचारून आली. बाईचं उत्तर तिने जसंच्या तसं उतरवलं होतं: 'मोंढ्यात जाते कांदे निवडाया. ह्येंला दवाखान्याचं जेवण मिळतंय, मला कोण देतंय?' रुग्णालयाचा डाएट रुग्णापुरता असतो. सोबत असलेल्याने काय खायचं हा प्रश्न रुग्णालयाच्या कुठल्याच फॉर्मवर नाही. बाई दुपारी दोन-तीन तास कांदे निवडायची आणि त्या रोजावर रात्रीचं जेवण आणि सकाळचा चहा भागवायची. नवरा झोपलेला असतो ती वेळ तिने हेरलेली होती. त्याचा लहान भाऊही भेटायला येत नाही म्हणून वॉर्डात नावाजलेला होता. तो ह्या दोघांनी घेतलेली उचल फेडायला त्यांच्या जागी टोळीत गेला होता.

आता तोच अहवाल 'निष्काळजी'सकट पुढे गेला असता तर काय झालं असतं? फाईल पुढच्या टेबलावर गेली असती. तिथल्या साहेबांनी रुग्णाला पाहिलेलं नसतं, ते कागद पाहतात. घरचेच लक्ष देत नाहीत तिथे डायलिसिसच्या खेपा कोण सांभाळणार, असं वाटून शेरा पडला असता. कुणी दुष्टपणा केला नसता. एका विशेषणाने काम झालं असतं.

आमच्या हातात इंजेक्शन नसतं, सुरी नसते, म्हणून आमच्या हातून कुणाचं नुकसान होत नाही असा समज आहे. आमचं हत्यार म्हणजे लिहिलेला कागद. मूल दत्तक देण्यापूर्वीचा गृहभेटीचा अहवाल, बालन्याय कायद्याखाली मुलाबद्दलचा सामाजिक तपासणी अहवाल, धर्मादाय रुग्णालयात हा रुग्ण निर्धन आहे की नाही ह्याची शिफारस, असे सगळे कागद कुणीतरी समाजकार्यकर्ता लिहितो आणि त्यावर कुणाचं तरी मूल, कुणाचा तरी पलंग अवलंबून असतो. शिकत असताना आमचा प्रत्येक अहवाल कुणीतरी वाचतं, लाल शाईने रेघा मारतं. पदवी हातात पडली की वाचणारं माणूस नाहीसं होतं. ज्या दिवशी लिहिण्याला वजन येतं त्याच दिवसापासून ते कुणी तपासत नाही. भाचीच्या ३,००० तासांचा हेवा वाटला तो ह्यासाठी.

अब्राहम फ्लेक्सनर नावाच्या गृहस्थाने १९१५ मध्ये बाल्टिमोरच्या परिषदेत समाजकार्यकर्त्यांसमोरच उभं राहून सांगितलं होतं की तुमचं काम हा अजून व्यवसाय म्हणता येणार नाही. अमेरिकेतल्या वैद्यकीय शिक्षणाची झाडाझडती घेणारा १९१०चा अहवाल त्याचाच, म्हणजे माणूस लेचापेचा नव्हता. त्याचं म्हणणं असं की समाजकार्यकर्ता स्वतः इलाज करत नाही, तो डॉक्टरकडे, वकिलाकडे, शाळेकडे माणसाला पोचवतो. त्याचं स्वतःचं असं तंत्र कुठे आहे? हे भाषण आमच्या अभ्यासक्रमात आजही शिकवतात आणि आजही ते थोडं झोंबतं. दोन वर्षांनी मेरी रिचमंडचा 'सोशल डायग्नोसिस' हा जाडजूड ग्रंथ आला. त्यात पुरावा ह्या विषयावर बरंच काही आहे: माहिती कुणाकडून घ्यावी, ऐकीव काय, पाहिलेलं काय, निष्कर्ष कुठे सुरू होतो. मला वाटतं फ्लेक्सनरला खरं उत्तर तिथे मिळालं. आमचं तंत्र म्हणजे विचारून लिहिणं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण रुग्णालयातल्या गर्दीत, मागे रांग लागलेली असताना, कांदे निवडणाऱ्या बाईला "कुठे जाता?" एवढं विचारायलाही शिकावं लागतं.

परवान्याबद्दल बोलायला लागलं की आमचे लोक मानाबद्दल बोलतात. डॉक्टर विचारत नाहीत, पगार कमी, कंत्राटी नेमणुका, प्रकल्प संपला की घरी. हे सगळं खरं आहे आणि मीही त्यात पुरेसं भोगलं आहे. तरी नंबर मिळाल्याने मान मिळेल ह्यावर माझा फारसा विश्वास नाही. परवान्याचा खरा उपयोग तो काढून घेता येतो ह्यात आहे. कॅलिफोर्नियात क्लिनिकल सोशल वर्करने उपचार सुरू करण्यापूर्वी समोरच्याला लेखी कळवावं लागतं की माझ्याबद्दल तक्रार असेल तर ती ह्या बोर्डाकडे करा. २०२० पासून तसा कायदाच आहे. बोर्डाच्या यादीत कुणीही नाव घालून बघू शकतं, कारवाई झाली असेल तर तीही दिसते. माझ्या सगळ्या नोकरीत मी एकाही रुग्णाला असा कागद दिला नाही, कारण देण्यासारखा कागदच नव्हता. माझ्या सहीने ज्याची सवलत नाकारली गेली त्याने माझ्याविरुद्ध जायचं कुठे? अधिष्ठात्यांकडे, म्हणजे ज्यांनी मला नेमलं त्यांच्याकडेच.

आणि ह्याचीच दुसरी बाजू अशी की परवाना काम करणाऱ्यालाही आधार देतो. धर्मादाय रुग्णालयांची गोष्ट घ्या. आपल्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातल्या कलम ४१ अअ खाली उच्च न्यायालयाने २००६ मध्ये योजना घालून दिली: १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, आणखी १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, आणि एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत. ही योजना रुग्णापर्यंत पोचवायला तिथे समाजसेवक असतो. त्याचा पगार कोण देतं? तेच रुग्णालय. खाट रिकामी असताना "भरलेली सांगा" असं वरून आलं तर तो काय करणार? डॉक्टर निदान म्हणू शकतो की ह्याने माझं रजिस्ट्रेशन जाईल. आमच्या माणसाकडे घालवायलाही काही नसतं, म्हणून नाही म्हणायलाही काही नसतं. हा पेच ह्या कामाइतकाच जुना आहे. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात १८९५ मध्ये मेरी स्टुअर्ट ह्या बाईंना आल्मोनर म्हणून नेमलं, ते मुळात मोफत उपचारांचा गैरफायदा कोण घेतं हे शोधायला. दाराशी गाळणी म्हणून बसवलेली ही बाई हळूहळू रुग्णाच्या बाजूने बोलू लागली आणि त्यातून वैद्यकीय समाजकार्य उभं राहिलं. आमच्या खुर्चीवर त्या दोन्ही भूमिका अजून एकदम बसलेल्या असतात.

इथे माझा एक जुना सहकारी मला अडवतो. तो म्हणतो, तुझ्या परवान्याने सिंधुताई सपकाळांना बाहेर ठेवलं असतं. जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० पासून ज्या बायकांना ग्राम-आरोग्य सेविका म्हणून तयार केलं त्यातल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती. गडचिरोलीत बंग दांपत्याच्या आरोग्यदूतांनी घरोघरी नवजात बाळं वाचवली. बाबा आमटे तर वकील होते. ह्या सगळ्यांना बोर्डाने काय विचारलं असतं, एमएसडब्ल्यूचे गुण? त्याचं म्हणणं मला पूर्ण पटतं. अमेरिकेतही हा वाद मिटलेला नाही. परीक्षा घेणाऱ्या संस्थेनेच २०२२ मध्ये आकडे जाहीर केले तेव्हा कृष्णवर्णीय उमेदवारांचं उत्तीर्ण होण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या मानाने फारच कमी असल्याचं उघड झालं, आणि बहुपर्यायी प्रश्नांतून माणुसकी मोजता येते का ह्यावर बराच गदारोळ झाला. चाळणी लावली की कोण खाली पडणार हे चाळणी बनवणाऱ्याच्या घरावरून ठरतं.

म्हणून समाजाचं काम करायला कुणाची परवानगी लागू नये असंच मी म्हणेन. पाणलोट, बचतगट, वस्तीतली शाळा, दारूबंदी, ह्यात परवाना आणणं मूर्खपणाचं आहे. पण जिथे एका माणसाचं भवितव्य एका खोलीत दुसऱ्या माणसाच्या लेखणीवर ठरतं, तिथे लेखणी धरणाऱ्याचं नाव कुठेतरी नोंदलेलं असावं. रुग्णालय, मनोरुग्णालय, कुटुंब न्यायालय, बालकल्याण समितीसमोरचं काम, दत्तकविधान. यादी फार लांब नाही.

आपल्या कायद्यांना हे सुचलेलं नाही असं नाही. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सायकियाट्रिक सोशल वर्करची व्याख्या केली: समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी आणि वर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल., तेही देखरेखीखालच्या क्लिनिकल प्रशिक्षणासह. त्यांची नोंदणी राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाने करायची. म्हणजे ह्या देशात परवानाधारक समाजकार्यकर्ता व्हायचा एक रस्ता खरंच आहे, आणि मुलींना मी तो आवर्जून सांगते. बेंगळुरूच्या निम्हान्ससारख्या ठिकाणी जागा मोजक्या, स्पर्धा भरपूर. गंमत अशी की २०२२ मध्ये यूजीसीने एम.फिल. ही पदवीच बंद केली. मग लक्षात आलं की कायद्याने जी मागितली तीच आपण बुडवली, तेव्हा ह्या विषयापुरती आणि क्लिनिकल सायकॉलॉजीपुरती मुदत वाढवावी लागली. दुसरा कायदा २०२१चा, संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठीचा. त्याच्या अनुसूचीत वैद्यकीय, क्लिनिकल आणि सायकियाट्रिक समाजकार्यकर्त्यांचं नाव आहे, केंद्रात आयोग, राज्यात परिषदा आणि नोंदणीपुस्तकं ह्यांची तरतूद आहे. हा कायदा झाला तेव्हा आम्ही जुन्या लोकांनी एकमेकांना फोन केले होते. त्यानंतर माझ्या ओळखीतल्या एकाही समाजसेवा अधीक्षकाच्या हातात नोंदणी क्रमांक पडलेला मी पाहिलेला नाही.

ही परिषद उद्या जोमाने कामाला लागली तर मला एकच धास्ती आहे. आपल्याकडे परीक्षा घेणं सोपं असतं, देखरेख ठेवणं अवघड आणि खर्चिक. परीक्षेला हॉल आणि ओएमआर शीट पुरतात. देखरेखीला जुनं जाणतं माणूस लागतं, दर आठवड्याला त्याचा तास लागतो आणि तो तास नोकरीच्या वेळेत धरावा लागतो. तेव्हा नंबर वाटले जातील, क्लास निघतील, गाइडं छापली जातील, आणि 'निष्काळजी' हा शब्द मात्र फाईलमध्ये तसाच राहील. अमेरिकेकडून काही उचलायचंच असेल तर परीक्षा त्यांना ठेवू द्यावी. आपण तेवढे ३,००० तास घ्यावेत.

प्रवेशासाठी येणाऱ्या मुलींना मी आता कॉलेजचं नाव आणि इमारत सोडून एक गोष्ट विचारून यायला सांगते: इथे फिल्डवर्क सुपरवायझर एका वेळी किती विद्यार्थी बघतो, आणि आयसी दर आठवड्याला होते की सही घेण्यापुरती? ज्या कॉलेजात ह्याचं उत्तर द्यायला प्राध्यापक अडखळतात तिथे फी भरू नये, मग ते कितीही नावाजलेलं असो. नोकरी लागल्यावरही आपले अहवाल वाचणारं एक जाणतं माणूस स्वतःहून शोधून ठेवावं. तसा नियम नाही म्हणून तशी बंदीही नाही.

आणि ज्यांचा ह्या व्यवसायाशी काही संबंध नाही अशा वाचकांना. घरातलं कुणी रुग्णालयात असेल आणि समाजसेवकाच्या टेबलावर जायची वेळ आली, तर त्यांचं नाव आणि हुद्दा विचारा, आपल्याबद्दल काय लिहिलं ते वाचून दाखवायला सांगा. चांगली व्यक्ती असेल तर तिला राग येणार नाही. रुग्णालय धर्मादाय असेल आणि सवलत नाकारली गेली तर तक्रार धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात करता येते, सरकारी असेल तर अधिष्ठाता किंवा वैद्यकीय अधीक्षकांकडे. ह्या दोन्ही तक्रारी रुग्णालयाविरुद्धच्या झाल्या. अहवाल लिहिणाऱ्याविरुद्धची तक्रार ऐकणारी जागा महाराष्ट्रात व्यवहारात अजून कुठेही नाही, आणि ती मागायला आम्ही नाही, तुम्ही पुढे यायला हवं.